चार पावलं मागे

पेंटरला एक खोड होती. दोन अक्षरं रंगवून झाली की चार पावलं मागे जायचं, मान तिरकी करायची, एक डोळा मिटायचा आणि आपल्याच कामावर खूश व्हायचं. या खोडीपायी बावीस वर्षांत तो दोनदा गटारात पडला होता, एकदा दाढी करून घेणाऱ्या परक्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसला होता, आणि दवाखान्याची पाटी रंगवता रंगवता त्याच दवाखान्यात दाखल झाला होता. बायकोने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी नाद सोडला. स्वभावाला औषध नसतं.

अशा माणसाला डोंगरवाटेच्या ऑफिसातल्या साहेबांनी बोलावून घेतलं, यात साहेबांचा दोष नाही. त्यांना त्याचं अक्षर तेवढं माहीत होतं.

काम साधं होतं. माथ्याच्या खाली ती वाट कड्याला बिलगून जाते. एका अंगाला काळ्या दगडाची उभी भिंत, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. मधे वाट जेमतेम पाच पावलांची. तिथे पोचलेला प्रत्येक माणूस दरीकडे पाठ करून फोटोला उभा राहतो आणि फोटो काढणारा म्हणतो, "अजून जरा मागे!" म्हणून उभं राहणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, भिंतीवर, हातभर उंच पांढऱ्या अक्षरांत लिहायचं होतं: 'सावधान! मागे दरी आहे.' रविवारी वाट लोकांसाठी उघडणार होती, त्याच्या आत.

"पाच पावलं," बायको म्हणाली. "आणि तुम्ही जाणार चार. एवढा हिशोब मला येतो."

तिने माळ्यावरून दोर काढला आणि शेजारच्या गल्लीतून भावाला बोलावून आणलं. भाऊ बसचा कंडक्टर. जन्मभर लोकांना 'पुढे सरका' म्हणून ओरडणारा हा माणूस मागे सरकणाऱ्या नवऱ्यासाठी तिला अगदी योग्य वाटला. त्याला उंचीची भीती होती, पण त्याहून जास्त भीती ताईची होती.

दोघे शुक्रवारी दुपारी वर पोचले. ऊन सौम्य होतं आणि समोर दरी अशी उघडली होती की पेंटर रंगाचा डबा खाली ठेवून बघत राहिला. खाली जंगल, जंगलात नदीची रेघ, आणि घारी फिरत होत्या त्या डोक्यावर नाही, पायांच्या खाली. रंगांत आयुष्य घालवलेल्या माणसाला तो निळा रंग कुठल्या डब्यात मिळेल ते सांगता येईना. त्याचे डोळे भरून आले. कंडक्टरचेही आले, पण त्याचं कारण निराळं होतं. तो दोराचं एक टोक पेंटरच्या आणि दुसरं आपल्या कमरेला बांधून वळणाच्या पलीकडे, जिथून दरी दिसत नाही अशा दगडावर जाऊन बसला.

"भाऊजी, मी एकदा दोर ओढला की थांबा. तुम्ही दोनदा ओढला की चला, म्हणजे मी ढील देतो. समजलं?"

"मी काय बस आहे?"

"बस बरी. तिला ब्रेक असतो."

'सावधान!' झालं. पेंटर मागे सरकायचा आणि तिसऱ्या पावलाला दोर ताणला जायचा. त्याला भारी चुटपुट लागून राहिली. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. आधी घारी दिसेनाशा झाल्या, मग दरी, मग वाटेची कड. ओल्या दगडाचा वास सुटला. आपला ब्रश दगडावर घासल्याचा आवाज तेवढा पेंटरला ऐकू येत राहिला.

'मागे' लिहून झालं, आणि पाठीमागून कोणीतरी हलकेच खाकरलं.

"'ध'चं पोट जरा सुटलंय..."

पेंटरचं पित्त खवळलं. लोक त्याच्या खाण्यापिण्याला नावं ठेवत, ते तो ऐकून घेई. अक्षराला नाही.

"सुटलेलं नाही, ऐटदार आहे," तो वळूनही न बघता म्हणाला. फिरायला आलेले लोक असेच असतात, त्यांना उत्तर दिलं की जातात.

"जवळून तसं वाटतं. इथून बघा ना..."

"मी चार पावलांवरून बघतो. आज तीनच मिळतायत."

"चारांनी काय होणार?" आवाज मऊ होता, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा. "अक्षर हातभराचं. त्याला सहा तरी हवीत."

पेंटरच्या हातातला ब्रश थांबला. हे बरोबर होतं. हे फक्त जाणकारालाच कळलं असतं.

"तुम्हीही याच धंद्यातले?"

"होतो..."

आता धंद्यातल्या माणसापुढे कमीपणा कोण घेणार? पेंटरने दोर दोनदा ओढला. पलीकडून इमानेइतबारे ढील आली. तो मागे निघाला. एक, दोन, तीन. 'ध' खरंच जरा जाडा दिसत होता. चार. आता ओळ जुळायला लागली. पाच. तो आवाज अजूनही त्याच्या मागेच होता.

"बास... एकच आणखी. मग सगळं कळेल..."

पेंटरने पाय उचलला. टाच खाली गेली, आणि जातच राहिली.

नेमका त्याच क्षणी वळणापलीकडे फोन वाजला. फोन ताईचा होता, आणि ताईचा फोन बसून घ्यायची कंडक्टरची छाती नव्हती. तो ताडकन उठला, आवाज नीट येईना म्हणून उताराला धावत सुटला, आणि कमरेच्या दोराने भाऊजींना वाटेवरून फरफटत, रंगाच्या डब्यासकट, कोपऱ्यापर्यंत घेऊन आला.

"ताई विचारतेय, डबा खाल्ला का?"

पेंटर पांढराफटक पडला होता. अर्धा रंगाने, अर्धा मुळातूनच. "खा... खाल्ला म्हणावं," त्याची बोबडी वळली होती. वाऱ्याने धुकं क्षणभर फाटलं. आवाज जिथून येत होता तिथे घार फिरत होती.

कंडक्टरने घरी पोचताच उरलेली रजा रद्द करून घेतली. पेंटरने बायकोला सगळं सांगितलं. साहेबांना 'जमणार नाही' कळवून तो मोकळा झाला असता, पण त्याचा जीव एका गोष्टीत अडकला. भिंतीवर नुसतं 'सावधान! मागे' एवढंच राहिलं होतं. रविवारी माणसं येतील, हे वाचतील, त्यांना वाटेल मागे सरका म्हणतायत. आणि मागे तर तो सभ्य गृहस्थ जागा दाखवायला उभाच. आपल्या अक्षरापायी कोणाचा जीव गेला, तर ब्रश पुन्हा हातात कसा धरायचा?

"उठा," बायको म्हणाली. "दोर मी धरते. बघू कोण बोलतंय ते."

शनिवारी सकाळी धुकं त्यांच्या आधीच येऊन बसलं होतं. तिने दोराचं टोक कोपऱ्यावरच्या झाडाला बांधलं आणि वर दोन्ही हातांनी धरलं. पेंटरने भिंतीला नाक लावून 'दरी' लिहिलं, 'आहे' लिहिलं. मान वळवली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो एक पाऊलही मागे गेला नाही. पाठीमागून कोणी खाकरलं नाही, कोणी बोललं नाही. शेवटचा ठिपका दिला तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं.

"अहो, छान आलंय हो अक्षर," बायको म्हणाली.

आवाज कोपऱ्यावरून आला नाही. पाठीमागून आला.

तो गर्रकन वळला. ती वाटेच्या पार कडेला उभी होती. मान तिरकी, एक डोळा मिटलेला, आणि एक पाय उचललेला. पेंटरने झेप घेतली, मनगट धरलं आणि असा हिसका दिला की ती त्याच्यासकट भिंतीवर येऊन आदळली. ताज्या रंगात दोघेही माखले. तो तिला घट्ट धरून राहिला.

"सोडा! काय हे, चारचौघांत?" ती लाजून, रागावून म्हणाली.

"कुठले... कुठले चारचौघं?"

"ते काय, मागे उभे आहेत ते. तुमच्यापेक्षा तेच बरे. मला नीट दिसावं म्हणून बिचारे सगळेच्या सगळे एकेक पाऊल मागे सरकले."