करड्या दगडाखालची चिठ्ठी

“माझा भाऊ लबाड नव्हता, एवढं सिद्ध करून द्या,” बाई म्हणाल्या. एखादा पत्ता सांगावा तसा त्यांचा कोरडा आवाज.

मास्तरांनी खुर्ची पुढे केली. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर अक्कांच्या शेजारी राहत. अक्कांचा जन्म खोटे कागद ओळखण्यात गेला होता. आता त्या खासगी तपास करत.

बाईंचा भाऊ जीवाश्मांचा प्राध्यापक. काळ्या, पाटीसारख्या दगडात त्याला ब्रॅकिओपॉड सापडले होते. शिंपल्यांसारखे हे इवले जीव प्राणवायू जेमतेम असलेल्या समुद्रतळावर जगलेले. चिखलातल्या लोह-गंधकाने त्यांची कवचं सोनेरी झालेली. गेल्या वर्षी एका टीकाकाराने मूळ नमुना मागितला. संग्रहालयाच्या खणातून निघाला करडा चुनखडक, जाड कवचांचा. बनाव केल्याचा बोभाटा झाला. प्राध्यापकांनी अंथरूण धरलं, आणि त्यातच ते गेले.

संग्रहालयात मास्तर दगड न्याहाळू लागले. “कोपरा ताजा खरवडलाय. फटीत लाल ऑइल पेंट दिसतो.”

अक्कांनी मात्र दगडाखालची चिठ्ठी उचलली. अक्षर प्राध्यापकांचं. कडा शाबूत, मधला भाग करपून चाळणी झालेला.

शिपाई म्हणाला, “दोन वर्षांमागे या खणातून आगकाडी ओढल्यासारखा वास यायचा. मी ताईंना सांगितलं. म्हणाल्या, बघते.”

टीकाकारांना विचारलं, तर ते चिडले. “मी बाहेरच्या संस्थेतला. सगळ्यांसमोर खण उघडला, तेवढाच माझा संबंध!”

ताई म्हणजे प्राध्यापकांची शिष्या. संग्रह तिच्याच ताब्यात. ती शेजारच्या, तिच्या शिकवण्याच्या वर्गात भेटली. टेबलावर विद्यार्थ्यांचे दगड, प्रत्येकावर लाल ठिपका.

“मी त्या खणाला हातही लावला नव्हता,” ती म्हणाली. “आणि वासबीस काही नव्हता.”

अक्कांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

“सोनेरी कवचांतला गंधक ओल लागली की आम्ल सोडतो. दगडाचा भुगा होतो, खालचा कागद करपतो. चुनखडक कागद जाळत नाही, उलट आम्ल मारतो. म्हणजे या चिठ्ठीवर आधी वर्षानुवर्षं काळाच दगड होता. प्राध्यापक खरे होते.”

“मग बदलला कोणी?” मास्तरांनी विचारलं.

“लाल ठिपका तुम्हीच दाखवलात, मास्तर. दगड या वर्गातला. बाहेरच्याला इथली किल्ली मिळत नाही. शिपायाला लपवायचं असतं, तर त्याने वासाची वर्दी दिली नसती. आणि वर्दी मिळालेली व्यक्ती म्हणते, वासच नव्हता.”

शिष्या खाली बसली. “मी बघायला गेले तेव्हा नुसती पूड उरली होती. ओल माझ्या हलगर्जीपणामुळे लागली. नोकरी जाईल म्हणून हाताला आला तो दगड ठेवला. कोणी मागेल असं वाटलंच नाही. नंतर सर विचारायचे, ‘मीच चुकीचं पाहिलं का गं?’ मी गप्प राहायचे.”

कोणी आवाज चढवला नाही. टीकाकार खिडकीबाहेर बघत राहिले. अक्कांनी कागद पुढे सरकवला. शिष्येने कबुली लिहून सही केली.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर म्हणाले, “आता लोकांना कळेल, बाई. तुमच्या मनासारखं झालं.”

बाई थांबल्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नव्हता.

“मलाही त्याने तेच विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, वय झालं तुझं. होते चूक.”