जोडीदाराची हवा

जुन्या पट्ट्याचं शेवटून दुसरं भोक गोल राहिलं नव्हतं. लंबगोल झालं होतं. वेटसूटवरून आवळून बांधायची नवऱ्याची सवय. तिने तो डाइव्ह कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला. दिसायला मनगटी घड्याळच, पण पाण्याखाली खोली मोजणारं आणि वर कधी यायचं ते सांगणारं. त्या दिवशी हे बॅटरी बदलायला दिलेलं होतं, म्हणून तो दुकानातलं दुसरं बांधून गेला होता. तो वर आलाच नाही. शोधणाऱ्यांनाही सापडला नाही.

"हे अजून चालतं, वहिनी," मास्तर म्हणाले. दुकान त्यांचं, दोघा नवरा-बायकोला पाण्यात उतरायला त्यांनीच शिकवलं होतं. "पण लेकीसाठी नवंच घ्या."

"तिला समुद्रात पाठवायचं की नाही, ते कुठे ठरलंय?"

"माझा कोर्स संपला, आई, पण तुझं 'बघू' काही संपत नाही," लेक म्हणाली. "रविवारी बोट सुटेल, तेव्हाही तू किनाऱ्यावर उभी राहून बघूच म्हणशील."

आई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. तिने नव्यांची तपासणी सुरू केली. एकेक कॉम्प्युटर उजेडात तिरका धरला. जाड हातमोजा घालून बटणं दाबून पाहिली.

"हे जरा भित्रं आहे," मास्तर म्हणाले. "इतरांपेक्षा लवकर वर बोलावतं."

"मग हेच बरं."

"नको गं! घरी एक आहे ना तसलं," लेक म्हणाली, आणि मास्तर खोकल्याच्या आडून हसले.

पूर्वी नवरा-बायको दोघांत मिळून एकच कॉम्प्युटर होता. पाण्याखाली ती त्याचं मनगट धरून आकडे वाचायची, आणि वाचून झालं तरी तो हात काढून घ्यायचा नाही. हवा नेहमी तिचीच आधी संपायची, आणि तिच्यापायी दोघांनाही वर यावं लागायचं. चार सावकाश श्वास, तेव्हा कुठे त्याच्या सिलिंडरचा काटा जरासा हलायचा. "कंजूष मेला," ती बोटीवर म्हणायची. "तुला कमी पडली तर?" तो म्हणायचा.

लेकीने मात्र महागातला उचलला. सिलिंडरवरच्या ट्रान्समीटरशी जोडला की तो आपली हवा दाखवायचा आणि जोडीदाराचीही.

"सुरू करा ना, मास्तर."

"करतो, पण आकडे यायचे नाहीत. हवा भरायचा कॉम्प्रेसर बिघडलाय, सिलिंडर सगळे रिकामे."

पडदा उजळला. 'जोडीदार' या शब्दाखाली उरलेल्या हवेचा आकडा आला: एकशे बारा.

मास्तरांनी भिंतीकडेच्या आडव्या सिलिंडरांकडे पाहिलं. ट्रान्समीटर तर कपाटात, डब्यात बंद होते.

एकशे अकरा.

आई ते घड्याळ घेऊन दाराबाहेर गेली, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. आकडा गेला नाही. पाण्यातून ट्रान्समीटरची रेडिओ लहर चार हातसुद्धा नीट जात नाही, आणि समुद्र तर इथून दिसतही नव्हता. ती नकळत श्वास मोजू लागली. स्वतःचे नाही, त्याच्या चालीचे. चार श्वास.

एकशे दहा.

ती परत आत आली.

"बाबांना हे फार आवडलं असतं," लेक म्हणाली.

आकडे भराभर उतरले. लेक बोलायची थांबली, तसे पुन्हा सावकाश.

"परत बोल."

"काय बोलू?"

आकडे पुन्हा धावले.

"मास्तर, आता तुम्ही बोला."

"काय बोलू, वहिनी?" मास्तर म्हणाले. "काय चाललंय हे?"

काही फरक नाही. चार श्वास, एक आकडा.

रबराचा वास एकाएकी दाटल्यासारखा वाटला. लेकीने घड्याळ आईच्या हातून घेतलं आणि मनगटावर चढवलं. "हेच घेऊया. मग येऊ ना मी रविवारी, मास्तर?"

आकडा थांबला.

चार श्वास गेले. आठ गेले.

पाण्याखाली श्वास रोखायचा नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आई? सांग ना."

मास्तर काउंटरपासून मागे सरकले.

तिने लेकीच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं. स्वतःच्या मनगटावर बांधलं, आवळून.

"ती नाही," काचेकडे पाहत ती म्हणाली. "मी येते."