सिल्फुरफॉसची एकशे एकावी साक्षीदार

पुण्यात, पाषाणच्या प्रयोगशाळेतल्या अनुभूतिगृहात त्या सकाळी आइसलँडचा सिल्फुरफॉस चालू होता.

खोली तशी साधीच. मधोमध एक पोलादी कठडा आणि पलीकडे राखाडी भिंत. पण कठड्याजवळ उभं राहिलं की भिंत नाहीशी व्हायची, आणि तिथे एक अख्खी नदी काळ्या कड्यावरून खाली झेपावायची. डॉ. शाल्मली तोरसकरने हा धबधबा लग्नाआधी एकदा प्रत्यक्ष पाहिला होता. पायाखालची थरथर, ओठांवरचे गार तुषार, उन्हाची तिरीप आली की उमटणारं चंदेरी झाक असलेलं इंद्रधनुष्य, सगळं तसंच होतं. तिच्या अंगावर काटा आला.

पाळणाघराच्या ताई आजारी होत्या म्हणून दहा महिन्यांची जुई आज तिच्या कडेवर होती.

"ते बघ जुयली, पाणी! केवढं पाणी, बघ!"

जुईने पाणी बघितलं नाही. ती आईच्या कडेवरून पोत्यासारखी खाली वाकली आणि कठड्याच्या नळीतल्या एका बारीक भोकात तिने बोट घातलं. तिथून तुषार उडत होते. बोट घातलं की थांबायचे, काढलं की तोंडावर यायचे. जुई खदखदून हसली.

"एवढा आइसलँड मांडलाय समोर, आणि बाईसाहेबांचं लक्ष प्लंबिंगवर!" दारातून डॉ. दिवाकर गोरक्षकर म्हणाले. हे यंत्र त्यांचं. त्यांच्या हाताखालीच शाल्मली भेदमापन शिकली होती. मूळ स्थळ आणि त्याची अनुभूती यांत माणसाच्या शरीराला काही फरक जाणवतो का, ते मोजायचं शास्त्र.

"सर, हिला काही दिसत नाहीये."

"लहान आहे गं."

"लहान आहे, आंधळी नाही. काल भिंतीवरची मुंगी हिनं माझ्याआधी पाहिली. त्या बाजूला एकदाही मान वळवली नाही हिनं. आवाज नाही, हालचाल नाही, असं वागतेय."

गोरक्षकरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. उत्तर नको असलं की ते चष्मा पुसत.

"अंधारात जिना उतरतेस," ते शेवटी म्हणाले. "पायऱ्या संपलेल्या असतात, तरी आपण आणखी एक उतरायला जातो आणि दचकतो. ती पायरी कुठे होती?"

"डोक्यात."

"तसंच सगळं जग आपण डोळ्यांनी थोडं आणि अंदाजाने जास्त बघतो. पुढे काय दिसणार ते मेंदू आधीच मांडून ठेवतो, डोळे फक्त चुका दाखवतात. माझं यंत्र धबधबा दाखवतच नाही, शाल्मली. कठड्यातून मंद चुंबकीय स्पंदनं निघतात. ती मेंदूला एवढंच सांगतात, की तुझा अंदाज बरोबर आहे, चालू दे. वर थोडे तुषार, थोडी घरघर. आरतीची पहिली ओळ कुणी म्हटली, की पुढची आपली आपण म्हणतो ना? तसं. बाकीचा धबधबा ज्याने त्याने आपापल्या घरून आणायचा."

"आणि जिला आरती येतच नाही?"

"तिला भिंत दिसते."

शाल्मलीने जुईचं ओलं बोट पदराने पुसलं. तिच्या आवाजाला आता धार आली होती. "आणि शंभर साक्षीदार आपण कुठले घेतले? ज्यांनी सिल्फुरफॉस आधी पाहिलाय, असेच. जाणकार हवेत म्हणून! म्हणजे ज्यांना आरती पाठ, त्यांनाच विचारलं, पहिली ओळ पुरली का?"

गोरक्षकरांनी पुन्हा चष्मा काढला. तो नियम त्यांनीच सुचवला होता.

जगातली सुंदर स्थळं माणसांनी बघून बघून झिजवली होती. दऱ्यांच्या कडा पायांनी ढासळल्या, तळी साबणाने मेली. म्हणून ती एकेक करून बंद झाली आणि गावोगावी अनुभूतिगृहं निघाली. ग्रँड कॅन्यन सोलापुरात पाहता येऊ लागला, बोलिव्हियाचं मिठाचं वाळवंट नांदेडात. इथवर ठीक होतं. पण मग समतुल्यतेचा कायदा आला. शंभर साक्षीदारांना मूळ स्थळी आणि अनुभूतिगृहात उभं करायचं. त्यांच्या शरीरांना फरक कळला नाही, तर मूळ स्थळ 'पर्यायी' ठरवून दुसऱ्या कामाला देता येईल. सिल्फुरफॉसच्या नदीवर डोळा होता तो गणनगृहांचा. हजारो यंत्रं तिथे दिवसरात्र हिशेब करणार होती, त्यांना वीज हवी होती आणि थंडावा. शंभर निकाल आले होते. भेद शून्य. आता राहिली होती फक्त भेदमापकाची मान्यता. म्हणजे शाल्मलीची.

अनुभूतिगृहं चालवणाऱ्या 'दिगंत दर्शन' या कंपनीचे प्रकल्पप्रमुख निनाद पोतनीस यांना तिने दुपारीच गाठलं.

"मूळ स्थळ पाहिल्याशिवाय मी मान्यता देणार नाही. आणि माझी मुलगी माझ्याबरोबर येणार. एकशे एकावी साक्षीदार म्हणून."

पोतनीस हसले. "मॅडम, साक्षीदाराला बोलता यायला नको का?"

"भेदमापनात शरीर बोलतं, तोंड नाही. नियम वाचा."

"आणि तिने धबधबा आधी पाहिलाय?"

"आज सकाळीच उभी होती की तुमच्या कठड्यापाशी."

पोतनीसांनी क्षणभर विचार केला. धबधब्याला निरोप द्यायचा समारंभ पुढच्याच आठवड्यात होता. "आणा, आणा. शेवटचं दर्शन घेणारी सर्वांत लहान प्रवासी! लोकांना आवडेल."

घरी बॅग भरताना शाल्मलीचा बेत अगदी सरळ होता. इथे मापनाची पट्टी बांधूनही जुईच्या शरीराने काही नोंदवलं नव्हतं. तिथे खरं पाणी पाहून तिचे डोळे विस्फारतील, छाती धडधडेल, कदाचित ती भोकाड पसरेल. तेवढा भेद कायद्याला पुरेसा होता. शिवाय आणखी एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. लेकीने एकदा तरी खरी, मोठी, कुणाच्या डोक्यातली नसलेली नदी बघावी, एवढंच तिला हवं होतं. कळेल न कळेल, पुढचं पुढे.

*

पुढच्या आठवड्यात, आइसलँडला, सिल्फुरफॉसच्या दर्शनसज्ज्याच्या दारात सगळ्यांचे फोन आणि कॅमेरे काढून घेतले गेले, देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तसे. 'शेवटचं दर्शन डोळ्यांनीच घ्या' असं तिथे अनेक भाषांत लिहिलं होतं. पाहुणे पन्नासेक असतील. बरेचसे जुने साक्षीदारच. यंत्राचे जनक म्हणून गोरक्षकरही आले होते. काहीजण आधीपासूनच डोळे पुसत होते.

सज्जा नदीच्या काठालाच होता. समोरून पांढरंशुभ्र पाणी उसळत यायचं आणि डावीकडे कड्यावरून खाली जायचं. शाल्मलीला हुंदका आला. हे वीज करायला द्यायचं?

"जुयली, बघ. आता बघ हं."

जुईच्या पायात मापनाची मऊ पट्टी होती, तिचे आकडे शाल्मलीच्या मनगटावर उमटत होते. आकडे हलले नाहीत. जुईने जांभई दिली. हातातला लाकडी खुळखुळा चावला. सावंतवाडीचा, लाल लाखेचा, तिच्या आजोळहून आलेला.

पोतनीस मागून डोकावले. "भेद शून्य? अभिनंदन, मॅडम! एकशे एक."

शाल्मलीने मनगटावरचे आकडे पुन्हा पाहिले. म्हणजे तिचा सगळा तर्कच चुकला? की एवढ्याशा जिवाला पाण्याचं काही वाटतच नाही? पण मग रोज न्हाताना टबातल्या पाण्यावर तुटून कोण पडतं?

तेवढ्यात जुई वाकली. पोत्यासारखी, थेट तशीच. कठड्याच्या नळीखाली तिने चाचपून बघितलं, तिला हवं ते सापडलं, आणि तिने बोट आत घातलं. तुषार थांबले. बोट काढलं. तुषार तोंडावर आले. जुई खदखदून हसली.

शाल्मली त्या भोकाकडे बघत राहिली.

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "खऱ्या धबधब्याच्या कठड्याला तुषारांची नळी कशाला लागते?"

गोरक्षकरांनी खाली पाहिलं. त्यांचा हात चष्म्याकडे गेला, आणि तिथेच राहिला.

खेळ रंगला होता. जुईने आता तिचा नेहमीचा डाव सुरू केला. वस्तू फेकायची आणि आईकडे बघायचं, की आण. खुळखुळा कठड्यावरून पलीकडे गेला. लाल ठिपका फेसात पडला, गरगरला आणि डावीकडे वाहत कड्याखाली गेला. शाल्मलीने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

जुईने डावीकडे पाहिलं नाही. तिचं बोट समोर एकाच जागी रोखलेलं होतं. "अं! अं!"

"वाहून गेला गं सोन्या."

"अं!" जुई चिडली. तिथेच तर आहे, आई, अशा रागाने.

शाल्मलीने तिला गोरक्षकरांच्या हातात दिलं आणि एक पाय कठड्यावर टाकला.

"वेडी झालीस? वाहून जाशील!"

"पाणी असेल तर."

"अगं, मला दिसतंय पाणी!"

"तुम्हाला सगळ्यांत जास्त दिसणार, सर. तुम्हाला आरती पाठच आहे."

"थांबवा त्यांना!" पोतनीस ओरडले. पण ते स्वतः पुढे आले नाहीत. त्यांनाही पाणी दिसत होतंच.

कठड्यापलीकडे तिच्या पायाखाली पांढरा लोंढा गर्जत होता. तिला ठाऊक असलेलं सगळं शास्त्र तिच्या शरीराला मान्य नव्हतं. तिने मागे वळून जुईकडे पाहिलं. या पोरीने आजवर तिला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. भूक तर भूक, झोप तर झोप, आणि नको म्हणजे नको. जुईचे डोळे आताही त्याच जागेवर होते. घाबरलेले नव्हते, फक्त कंटाळलेले. आणतेस ना?

शाल्मलीने पाऊल टाकलं.

बर्फासारखं पाणी पोटरीला चावलं. दुसऱ्या पावलाला मांडीपर्यंत चढलं. तिचा श्वास कोंडला. तिने तसाच पुढचा पाय रेटला, आणि कठड्याची स्पंदनं जिथवर पोचत होती ती हद्द मागे पडली.

नदी विझली.

आवाज गेला. समोर उघडा काळा कातळ होता, भेगांमधलं शेवाळ वाळून पापडासारखं झालेलं. वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत काँक्रीटचं एक प्रचंड तोंड होतं, नदी तिथून आत गेलेली. मान्यतेची वाट पाहायला कुणाला सवड नव्हती.

मागे किंकाळ्या ऐकू आल्या. ती वळली. पन्नास माणसं कठड्यावर ओणवी होऊन डावीकडे, कड्याच्या दिशेने बघत होती. त्यांच्या लेखी ती केव्हाच वाहून गेली होती. गोरक्षकरसुद्धा तिकडेच बघत होते, डोळे भरून. एकच नजर तिच्यावर होती. जुईने तिला बघून दोन्ही हात पसरले.

खुळखुळा बोट दाखवलेल्या जागीच पडला होता.

ती परत कठडा चढून आली तेव्हा पुढचे काही जण दचकून मागे सरले. तिच्या पायांवर पाण्याचा थेंब नव्हता. बुटांवर धूळ होती. तिने खुळखुळा पोतनीसांच्या नाकासमोर धरला. कोरडा ठणठणीत.

"हे... हे तात्पुरतं आहे, मॅडम. वीज बनवायच्या चाचणीसाठी पाणी वळवलंय."

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून. साक्षी सुरू झाल्या त्याआधीच. पण कुणालाच फरक कळला नाही ना! तोच तर मुद्दा—"

"कसा कळेल?" गोरक्षकरांचा आवाज फुटला. "शंभर माणसांनी माझ्या यंत्राची तुलना माझ्याच यंत्राशी केली."

"मान्यता हवीय ना तुम्हाला?" शाल्मली म्हणाली. "मग घ्या साक्ष. एकशे एकाव्या साक्षीदाराला पुण्यात धबधबा दिसला नाही आणि इथेही दिसला नाही. नदी सोडा. हिच्यासमोर सोडा, आणि मग विचारा हिला. मी थांबते. दूध, दुपटी सगळं घेऊन आलेय."

"मॅडम, लोकांना जे दिसतंय त्यात ते सुखी आहेत—"

पण लोक आता पोतनीसांकडे बघत नव्हते. ते शाल्मलीच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे बघत होते.

तिने जुईला परत कडेवर घेतलं आणि खुळखुळा तिच्या मुठीत दिला. जुईने तो एकवार चाटून पाहिला, आईकडे बघितलं, आणि सगळं बळ लावून कठड्यापलीकडे भिरकावला.

या वेळी तो कातळावर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.