एका दमात एकेचाळीस

“पाच वाजता वाचनालयाची जुनी वेबसाइट पुसणार! आणि नव्या यादीत आजोबांचं एकही प्रवचन नाही!” भोपळ्या धापा टाकत वाचनालयाच्या संगणक खोलीत घुसला.

मुंगीने मान वर केली, एवढंच. आजोबांना जाऊन महिना झाला होता. ती रडली नव्हती. जेवण, अभ्यास, झोप, सगळं दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं चाललं होतं.

“काका, गायलेली एकेचाळीस प्रवचनं गेली कुठे?” तिच्या दादाने विचारलं.

“नव्या साइटसाठी माझ्या शोधसूत्राने सगळ्या पानांतले ध्वनिमुद्रणांचे पत्ते, म्हणजे लिंका, काढल्या,” संगणकवाले काका चहा ढवळत म्हणाले. “आजोबांच्या पानावर एकच पत्ता निघाला, तोही मोडका. दिला टाकून! सुट्टी आहे ना? खेळा जा!”

दादाने पानाचा मूळ मजकूर उघडला. बाकी पानांवर ओळीला एक पत्ता, अवतरणचिन्हांत. इथे मात्र एकच ओळ, संपता संपेना!

“एंटर दाबायला बोट दुखत होतं की काय?” भोपळ्या म्हणाला.

“हे पान आजोबांनीच लिहिलंय. ते एका दमात लिहायचे,” मुंगी हळूच बोलली. “मधे थांबलं की सूर सुटतो, म्हणायचे.”

मग तिने काकांचं सूत्र वाचलं. ‘अवतरणचिन्हापासून सुरू कर, मधलं काहीही घे, अवतरणचिन्हाशी थांब.’

“पण कुठल्या चिन्हाशी?” ती म्हणाली. “ हे हावरट तर ओळीतल्या शेवटच्या चिन्हापर्यंत गिळतंय! एकेचाळीस पत्ते, एक घास!”

“अगदी भोपळ्याच!” दादा म्हणाला.

“ए!”

मुंगीने ‘काहीही’च्या जागी ‘अवतरणचिन्ह सोडून काहीही’ असं बसवलं. कळ दाबली. एकाखाली एक, एकेचाळीस पत्ते! पाचाला सात मिनिटं कमी होती.

काकांनी घाईघाईने यादी जोडली आणि कान पकडले. “ओळीला एकच पत्ता असणार, असं धरूनच चाललो मी. पोरांनो, जिंकलात!”

“शाब्बास!” आवाज ऐकून आत आलेल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. “मुंगीबाई, कुठलं लावू?”

“शेवटचं.”

आधी खोकला. मग, “पुढे सरका, बाळांनो.” मग तो गाता आवाज, खोलीभर.

सगळे मुंगीकडे बघत होते. डोळे कोरडेच.

“दादा, मला काहीच वाटत नाहीये रे.”

“राहू दे,” दादा म्हणाला. “खाली बघ.”

टेबलाखाली तिचा पाय केव्हापासून ताल धरून होता.