आवाज नसलेला धडा

एप्रिलातल्या एका रविवारी इंझोरीच्या शाळेत एक कॅमेरावाला न विचारता वर्गात शिरला आणि शुभांगीने त्याला आल्या पावली बाहेर काढायचं ठरवलं. ठरवलं एवढंच. माणसाने ठरवलेलं सगळं होत असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

त्या दिवशी शाळेच्या पटांगणात गावातलं लग्न होतं. शुभांगीला ते बसमधून उतरल्यावर कळलं. मंगरूळपीरहून एवढ्या उन्हात आलोच आहोत तर तसंच परत कशाला जायचं, म्हणून तिने आपल्या पहिलीच्या वर्गाचं दार लोटून घेतलं, उजेडासाठी एक खिडकी उघडी ठेवली आणि ती खिडकीपुढे जाऊन उभी राहिली. समोरच्या बाकावर पुस्तकांची चळत, चळतीला टेकवलेला मोबाईल. त्या मोबाईलकडे बघत, हातवारे करत ती बेरजेचं गाणं म्हणू लागली. ऐन गाण्यात दार उघडलं. खांद्यावर कॅमेरा, गळ्यात वायरींचा गुंता घेऊन एक जण थेट मोबाईलपुढून चालत गेला आणि भिंतीवरचं बटण शोधू लागला.

"बॅटरी चार्जिंगले लावतो मॅडम, दोनच मिनिटं."

"रेकॉर्डिंग चालू आहे, दिसून नाई राह्यलं काय?" शुभांगी म्हणाली. शेवटचा शब्द फाटला आणि तिने गळ्याला हात लावला.

त्याने वाकून मोबाईलमध्ये पाहिलं. "रेकॉर्डिंग दिसते न. तुमीच नाई दिसून राह्यल्या... खिडकी पाठीमागं घेतली तुमी. चेहरा पुरा काळा आला."

तिने पाहिलं. खरंच, खिडकीत एक काळी आकृती हात हलवत होती. म्हणजे मागच्या रविवारी केलेलंही सगळं असंच असणार. तिला रागवायचं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पाहिलं, बाक उचलून खिडकीच्या बाजूला आणला आणि मोबाईल तिथे ठेवला. ती तिकडे वळल्यावर उजेड तिच्या चेहऱ्यावर आला. "आता म्हणा," तो म्हणाला. तुम्ही बाहेर गेल्यावर म्हणेन, असं तिने सांगितलं. तो गेला. बॅटरी भिंतीलाच राहिली होती, तेव्हा ती न्यायला त्याला परत यावंच लागलं, आणि त्या वेळी शुभांगीने त्याला नाव विचारलं. आदर्श. मंगरूळपीरला लग्नाचे व्हिडिओ काढतो आणि त्यांची कापाजोड, म्हणजे मिक्सिंग, स्वतःच करतो.

आता एका शाळेच्या बाईला रविवारी व्हिडिओचा एवढा ध्यास का, ते सांगायला हवं. दिवाळीपासून शुभांगीचा आवाज फाटत चालला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे असं सांगितलं. जिवाला धोका नाही, पण काढावी लागेल. आवाज येईल, मात्र हाच येईल असं सांगता येत नाही. मे महिन्यात ऑपरेशन, तोवर कमी बोला. पहिलीच्या बाईने कमी बोलायचं, हे फक्त डॉक्टरलाच सुचू शकतं.

तिची सगळी शाळा तिच्या गळ्यात होती. अक्षरांची, बेरजांची, पिकापाण्याची गाणी तिने स्वतः रचली होती, आपल्या वऱ्हाडी बोलीत, आणि ती कुठे छापलेली नव्हती. आवाज आहे तोवर ती नीट धडे करून साठवायची, म्हणजे जूनमध्ये आपल्याला बोलता आलं नाही तरी पोरं अडणार नाहीत. लोकांना ती एवढंच सांगायची. खरं म्हणजे पोरांपेक्षा तिला स्वतःलाच तो आवाज हवा होता. जन्मभर सोबत असलेलं माणूस उद्या नसेल असं कळलं तर आपण त्याचा एक फोटो तरी काढून ठेवतोच.

उन्हाळ्याची सकाळची शाळा, त्यामुळे दुपार मोकळी. शुभांगी मंगरूळपीरच्याच एका भाड्याच्या घरात आईसोबत राहायची. ती रोज दुपारी आदर्शकडे शिकायला जाऊ लागली. दर्ग्याच्या रस्त्यावर सैफुद्दीन चाचांचं शिलाईचं दुकान, दुकानाच्या माडीवर आदर्शची खोली. एक म्हातारा कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि शिलाई मशीनचा खालून येणारा आवाज.

आदर्शने तिला पहिल्याच दिवशी आपल्या धंद्याची रीत सांगितली. लग्नाच्या व्हिडिओतला खरा आवाज कधी ठेवायचा नाही. तिथे आवाज म्हणजे बँड, जनरेटर आणि रुसलेले मामा. कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावरचं सगळं कॉम्प्युटरला झेपेल असं लहान करून घ्यायचं, आवाज तिथेच काढून टाकायचा, कार्ड कोरं करायचं, मग वरून गाणी घालायची. शुभांगी मनापासून हसली. मामा रुसलेला कळला नाही तर ते लग्न कसलं, असं तिने कागदावर लिहून त्याला दाखवलं.

ती भराभर शिकली. कुठे कापायचं, कुठे जोडायचं, चित्र थांबवून त्यावर अक्षर कसं आणायचं. तो तिच्या गाण्यातल्या रिकाम्या जागा कापायला जायचा आणि ती त्याचा हात धरल्यासारखी माउस अडवायची. त्या जागी पोरं उत्तर देतात, ती जागा त्यांची आहे. तो दोन तुकड्यांच्या मध्ये गुलाबाच्या पाकळ्या पाडायचा, लग्नात पाडतो तशा, आणि ती एकेक पुसायची.

"एक तं ठेवा मॅडम. माह्या हाताची निशाणी."

"माह्या वर्गात गुलाब नाई पडत. खडू पडतो."

निघताना तो तिला घरच्या वावरातली सांबाराची जुडी द्यायचा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्याचे वडील पुंजाजी गावाबाहेर भाजीपाला करत, तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. पण रोज जुडी घरात येऊ लागल्यावर शुभांगीच्या आईने, एवढ्या सांबाराचं करायचं काय, असं विचारलं. डॉक्टरांनी बोलायला मना केलं आहे, अशी खूण करून शुभांगी आत गेली.

एकदा तो हेडफोन लावून तिचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत होता. काय चाललंय, असं तिने बोटाने विचारलं.

"कापायची जागा पाहून राह्यलो."

"इतक्या वेळा?" तिला बोलल्याशिवाय राहवलं नाही.

"सापडून नाई राह्यली..." तो पडद्याकडेच बघत होता. "कुठंच कापू वाटत नाई."

खाली मशीन चालू होतं.

सुटी लागायच्या आधीच्या आठवड्यात खरे धडे झाले. सरावासाठी केलेले तुकडे शुभांगीने मोबाईलवरून आणि आदर्शच्या कॉम्प्युटरवरूनही पुसून टाकले होते. आता आदर्शचा मोठा कॅमेरा, पदराला लावायचा छोटा माइक आणि समोर पहिलीची पोरं. तिने सगळी गाणी म्हटली. घसा दुखत होता, तरी एकही सोडलं नाही. आदर्श कॅमेऱ्यामागून सारखा सांगत होता – भिंगात बघा मॅडम, जे पोरगं हा धडा बघेल ते भिंगात बसलं आहे. शेवटचं गाणं संपलं तेव्हा तिचा आवाज पार बसला होता आणि ती कितीतरी दिवसांनी निर्धास्त झाली होती.

ऑपरेशनसाठी अकोल्याला निघायच्या सकाळी ती पिशवी घेऊन माडी चढली. आदर्श पाठमोरा बसला होता. ती दिसताच त्याने पडदा बंद केला. चेहरा उतरलेला. जागरण झालं असेल, असं तिला वाटलं.

"सगळं नीट आलं न?" तिने जेमतेम विचारलं.

तो तिच्याकडे पाहत राहिला. "हो," म्हणाला. "तुमी बिनघोर जा."

ती बिनघोर गेली. ऑपरेशनच्या टेबलावर तिला भीती वाटली नाही, कारण आपला आवाज मंगरूळपीरला एका माडीवर जपून ठेवला आहे, हे तिला ठाऊक होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर मात्र पुरतं मौन, कुजबुजायचंही नाही. जवळ शाळेतली एक पाटी आणि लेखण. आदर्श भेटायला आला तो खुर्चीच्या कडेवर बसला. आईने ठेवलेला चहा त्याने घेतला नाही. आई आत गेल्यावर त्याने खाली बघत सांगून टाकलं. त्या धड्यांचं मेमरी कार्ड त्याने लग्नाच्या व्हिडिओसारखंच कॉम्प्युटरवर उतरवलं. हाताला सवय होती. आवाज काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी कार्ड कोरं केलं. चित्र सगळं आहे. आवाज नाही. कार्डावरून काही परत मिळतं का ते वाशीमला, अकोल्याला विचारून आला. त्यावर दुसऱ्या लग्नाचं चित्रण भरलं होतं. मिळालं नाही.

शुभांगीने लिहिलं, "कधी कळलं?"

"तुमी निघाल्या त्या दिवशी. तुमी यायच्या थोडं आधी."

लेखण दाबून तिने लिहिलं, "काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी गाडी सोडून तिथंच बसल्या असत्या अन् सगळी गाणी पुन्हा म्हटली असती. घशाले कायमचं काही झालं असतं तर... मले ते नसतं पाहवलं."

तिने पाटी पुसली. मग मोठ्या अक्षरांत लिहिलं, "आवाज माझा होता. ठरवायचं मी होतं."

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. टेबलावर एक पेनड्राइव्ह ठेवला, हात जोडले आणि तो निघून गेला. शुभांगीला ओरडून रडायचं होतं आणि तेवढीही मुभा नव्हती. रागाला आवाज लागतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

पेनड्राइव्हला तिने बरेच दिवस हात लावला नाही. एका दुपारी आई झोपली असताना लॅपटॉपला लावला. धडे त्याने जोडून दिले होते. पाकळ्या नव्हत्या. पोरांच्या उत्तराच्या जागा जशाच्या तशा होत्या. ती स्वतःला बघू लागली – ओठ हलताहेत, हात बेरीज करताहेत आणि ऐकू काहीच येत नाही. पहिल्यांदा फार लागलं. आवाज असता तर ती फक्त आवाजच ऐकत बसली असती, सूर कुठे चुकला, शब्द कुठे फाटला. आता ऐकायला काही नव्हतं म्हणून ती चेहरा पाहू लागली. आणि तिच्या लक्षात आलं की ती भिंगात बघतच नाहीये. एवढं बजावलं होतं तरी प्रत्येक गाण्याच्या शेवटी तिचे डोळे भिंग सोडून किंचित वर जात होते, जिथे कॅमेऱ्यामागे एक माणूस उभा होता, आणि तिथे पोचल्यावर ती हसत होती. असं हसताना तिने स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. कुणीही ओळखलं असतं. वर्गातल्या पोरांनीसुद्धा ओळखलं असेल.

तिने लॅपटॉप मिटला. राग होता तिथेच होता. त्याच्या शेजारी हेही होतं, आणि दोन्ही खरं होतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं, हळू बोलायला हरकत नाही. शुभांगीने "आई" अशी हाक मारली. आवाज खालच्या पट्टीतला आला, जाडसर, ओळख नसलेला. आईने डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी शुभांगी दर्ग्याच्या रस्त्याला लागली. सैफुद्दीन चाचांनी मान वर करून पाहिलं आणि मान पुन्हा शिवणकामात घातली.

आदर्श उठून उभा राहिला. त्याने दुसरी खुर्ची पुढे केली.

"आवाज बदलला," शुभांगी म्हणाली.

तो ऐकत राहिला. "मले तं तुमीच ऐकू येऊन राह्यल्या," तो म्हणाला.

ती खुर्चीवर बसली. एकेक शब्द तोलून काढावा लागत होता. "धडे पाह्यले मी. भिंगात नाई पाहून राह्यली मी... कुठंच."

"माहीत आहे."

"कसं?"

"भिंगाच्या मागं मीच होतो न."

शुभांगीची कानशिलं तापली. पण जे सांगायला आली होती ते अजून सांगायचं होतं. "तुमच्या हातून चुकलं, त्याचा राग गेला. त्या सकाळी तुमी ‘हो’ म्हणाल्याचा नाई गेला. ते माह्या भल्यासाठी होतं, तरी नाई." ती थांबली, पाणी प्यायली. "याच्यापुढं माह्याबद्दलचं काही मले न विचारता ठरवायचं नाई."

"नाई ठरवणार." मग त्याने हळूच विचारलं, "याच्यापुढं म्हणजे... कुठवर?"

तिने घशाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हटलंय, समजून घ्या, अशी ती खूण होती.

"नाई मॅडम." आदर्शने मान हलवली. तो हसत नव्हता. "न विचारता समजून घेतलं म्हणूनच तं एवढं झालं. आता मी विचारतो. माह्याशी लग्न करता काय, शुभांगी? नाई म्हटलं तरी चालते. पण तुमीच सांगा. तोंडानं."

शुभांगीने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. आदर्शने तिच्या जागी शब्द पुरवला नाही, घाईही केली नाही, तो उभा राहिला. तिने श्वास घेतला आणि त्या नव्या, जाड आवाजात ती म्हणाली, "हो."