तुरीची झोप

प्रयोगशाळेच्या जाळीघरात माकडांचा उच्छाद, म्हणून यशश्रीनं तुरीच्या कुंड्या अधारतालच्या घरी, गच्चीवर आणून ठेवल्या होत्या. पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांवरच्या बारीक रासायनिक खुणांवरून कळतं, धाग्याचा कोणता भाग उघडा आणि कोणता बंद. त्या खुणांचा नकाशा काढणं हे तिचं काम. दुपारची पानं घेऊन झाली होती, आता दिवेलागणीची हवी होती.

आई, कुंदाताई, जिन्यात उभी होती. नवरा, चिंतामणी, गेल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि लेकीचा जीव त्यानं तुटत होता.

"काहून हात लावून राहिली? झोपले ते झाडं. टाळी वाजवून उठव तरी आधी."

यशश्री हसली. उठवल्यावर झोपेचा नकाशा कुठून येणार? मिटलेली पानं तिनं अलगद खुडली आणि फॉर्मेलिनमध्ये बुडवली, खुणा होत्या तिथेच थिजाव्यात म्हणून.

त्या रात्री आई झोपली. घोरलीसुद्धा. यशश्रीला आनंदानं रडूच आलं.

नकाशा हाती यायला बरेच आठवडे लागले. तोवर आई दिवसाही झोपू लागली होती. आधी जेवायला तरी उठे, मग तेवढंही बंद झालं. डॉक्टर म्हणाले, नाडी छान, श्वास छान, दीदी, घाबरू नका. इकडे नकाशात संध्याकाळच्या खुणा दुपारच्या खुणांशी तंतोतंत जुळत होत्या. पान मिटलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं, आत मात्र ते टक्क जागं होतं. प्रयोगशाळेतला सोबतचा गौतम म्हणाला, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. तसंच असावं असं तिला फार वाटत होतं.

घरी आली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. शेजारची चिंच केव्हाच मिटली होती. तुरीची पानं सताड उघडी होती. तिनं टाळी वाजवली, पुन्हा वाजवली. काहीच झालं नाही.

तेवढ्यात खालून आवाज आला, कितीतरी दिवसांनी.

"यशू... पाणी..."

ती धावतच खाली गेली. खोलीत ओल्या मातीचा वास होता. आईचे डोळे मिटलेलेच होते, पण ती बोलली होती, तेवढं पुरे होतं. तिनं पेला ओठांशी नेला. आईनं तोंड फिरवलं.

"तोंडात नको, बेटा... पायांशी टाक."