राणी सोडणारा खेळाडू

नव्या खेळयंत्राचे स्क्रू निघाले आणि हेरंब कुलथ्यांनी झाकण बाजूला ठेवले. आत पंखा, त्याला चिकटलेली उष्णता ओढून घेणारी तांब्याची नळी, तिच्याखाली चिपा. प्रयोगशाळेत त्यांनी अशी कितीतरी यंत्रे खोलली होती. पण हे त्यांच्याच घरून परत आले होते. टिकाऊपणाच्या चाचणीसाठी त्यांनी ते घरी नेले होते. आजारी बायकोला, मंदाला, तेवढाच विरंगुळा. दिवाळीआधी मंदा गेली.

"ही स्पर्शस्मृती, सर," शबाना इनामदारने एका काळ्या चौकोनावर चिमटा टेकवला. चिपा वाचण्याचे काम तिचे. "साध्या चिपेत आकडे साठतात. इथे पाऊलवाट पडते तसं होतं. खेळणारा हातातली खेळायची मूठ जशी दाबेल, तशी आतली रचनाच बदलत जाते. मग तो नसला तरी यंत्र त्याच्यासारखं खेळतं."

"म्हणजे मंदा आहे यात?"

"त्यांचा खेळ आहे. नाव-बिव नाही. यंत्राला माणूस कळत नाही, हात कळतो." पडद्याकडे पाहून ती थबकली. "इथे दोन हातांची छाप आहे. खेळाडू दोन."

हेरंबांनी त्या यंत्राला घरी कधी हात लावला नव्हता.

"दुसरा यंत्राचाच असेल."

"यंत्र स्वतः खेळतं तेव्हा छाप पडत नाही, सर. माणसाचाच हात लागतो."

खेळ कॅरमचा होता. दाबून खेळायच्या दोन मुठी, एका खेळाडूला एक, हातात मावणाऱ्या. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा दोन्ही मुठी मंदाच्या पांघरुणावर पडलेल्या असत. "कोणाशी खेळतेस गं?" त्यांनी एकदा विचारले होते. ती हसली होती. "आहे एक. तुमच्यासारखा नाही. मला जिंकू देतो." यंत्राबद्दल बोलते आहे असे समजून ते हात धुवायला गेले होते.

शबानाने दुसऱ्या छापेला एकटीला खेळवून पाहिले. राणी भोकाच्या तोंडाशी होती. लहान मुलानेही घेतली असती. त्या खेळाडूने नेम चुकवला. पुन्हा मांडली, पुन्हा चुकवला. हेरंबांनी उभ्या जन्मात कोणाला राणी सोडली नव्हती. नव्या नवरीलाही नाही.

"नाडगौडा," ते पुटपुटले. "शेजारचा. दुपारी पेपर द्यायच्या निमित्ताने यायचा." त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला. "ही दुसरी छाप पुसून टाक. मंदाची तेवढी राहू दे."

"सर, मी दाबाचे आकडेच उतरवलेत. खेळ उतरवता येत नाही. एकदा पुसला की गेला."

"जाऊ दे!"

ती हलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच कळ दाबली.

शबाना उतरवलेल्या आकड्यांचा आलेख काढत बसली. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "नाडगौडांना काही आजार होता का?"

"त्याला काय धाड भरलीय? रोज टेकडी चढतो."

"मग हे बघा. औषधं सुरू झाल्यावर वहिनींची पकड सैल होत गेली. दुसऱ्या खेळाडूचीही झाली. त्याच आठवड्यात, तितकीच. शेवटी तर दोघांची थरथरसुद्धा एकच." तिने आवाज खाली आणला. "आणि तो दुसरा डावखुरा होता. सर, हे एकाच माणसाचे दोन हात आहेत. उजव्याने त्या स्वतः खेळायच्या. डाव्याने..."

"माझ्या जागी," हेरंब म्हणाले.

त्यांनी खुर्ची यंत्रापाशी ओढली. मग त्यांनी झाकण नुसतेच वर टेकवले, यंत्र सुरू केले आणि एक मूठ डाव्या हातात घेतली. पडद्यावर सोंगट्या मांडल्या गेल्या. समोरून मंदाचा उजवा हात खेळू लागला. हेरंबांचा डावा हात वेडावाकडा चालत होता. डाव निम्म्यावर आला आणि राणी भोकाच्या तोंडाशी येऊन थांबली. पाळी त्यांची होती. इतक्या जवळून डाव्या हातानेही ती गेली असती.

त्यांनी नेम चुकवला आणि मंदाची वाट पाहिली.